महाराजांची विचाराधीन उचकी

एका जंगलात उचकीची साथ आली. जंगल कुठलं ते विचारू नका, मुलांनो. शहाणी मुलं गोष्टीत नकाशा मागत नाहीत.

तर उचकीची साथ. आधी सशांना लागली, मग हरणांना, मग माकडांना. शेंड्यावरचं माकड उचकी देऊन खाली पडायचं, आणि खालच्या हरणालाही नेमकी तेव्हाच उचकी लागलेली असल्यामुळे त्याला बाजूला होता यायचं नाही. दिवसभर रानात नुसतं उचक्, उचक्. बेडकांनी तर गाणं बंद केलं. म्हणाले, एवढ्या गोंगाटात ऐकणार कोण?

हसताय? हसा. पण मला सांगा, ससा जगतो कशावर? गवतावर नाही. ससा जगतो गप्प बसण्यावर. वाघ आला की ससा झुडपात शिरतो, कान पाडतो, श्वास रोखून धरतो. आणि नेमकं तेव्हाच उचक्! मग वाघाला शोधायचेसुद्धा कष्ट नाहीत. येसू सशिणीची धाकटी जाऊ अशीच गेली. कुठे गेली, ते जेवायच्या आधी विचारू नका.

आता येसूलाही उचकी लागली होती. त्यात ती पोटुशी. धड पळता येईना, धड लपता येईना.

तिच्या बिळाला लागूनच साळूबाई साळिंदरीण राहायची. साळूबाई जंगलातली रोगसंशोधक. तिनं खरजेवर संशोधन केलं होतं, गोचिडांवर केलं होतं. रानडुकराच्या घोरण्यावरही केलं होतं, पण ते ऐकता ऐकता तिलाच झोप लागल्यामुळे अर्धवट राहिलं. बाई हुशार, पण रागीट. राग आला की अंगावरचे काटे खुळखुळ वाजायचे, आणि मागे उभा असलेला प्राणी आपण होऊन समोर यायचा.

"साळू, काहीतरी कर गं," येसू म्हणाली. "मी सकाळपासून माहेरच्यांची, उचक्, नावं घेतेय. तरी थांबत नाही."

उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय, हे तुम्हाला आजीनं सांगितलंच असेल. एकेकाचं नाव घ्यायचं. बरोबर नाव आलं की उचकी थांबते. पण सशाचं माहेर म्हणजे काय थोडंथोडकं असतं? येसूनं सकाळी नावं घ्यायला सुरुवात केली होती. दिवस कलला तेव्हा ती कशीबशी मावश्यांपर्यंत पोचली होती.

"आठवण नाही आणि बिठवण नाही," साळूबाई म्हणाली. "तुझ्या पोटात काहीतरी जातंय. काय ते मी शोधते. तू घाबरू नकोस."

आणि ती कामाला लागली. कोण काय खातं, कोण कुठलं पाणी पितं, सगळ्यांना विचारत सुटली. माकडं खोटं बोलली, हरणं लाजली, तरी तिनं माग सोडला नाही. शेवटी एक गोष्ट लख्ख दिसली. मोहाच्या झऱ्याचं पाणी पिणाऱ्या सगळ्यांना उचकी होती. बेडकांच्या डबक्यावर जाणारे ठणठणीत होते.

साळूबाई झऱ्याच्या काठानं वर चढत गेली. तिथे एक भला मोठा खड्डा होता. खड्ड्यात मोहाची फुलं भिजत पडली होती, फसफसत होती, आणि खड्डा भरला की सगळं झऱ्यात वाहत होतं. खड्डा होता अस्वलाचा. अस्वल त्याला फुलांचं सरबत म्हणायचं आणि रोज संध्याकाळी ते चाखून गाणं म्हणायचं.

हे अस्वल म्हणजे साधंसुधं नव्हे. जंगलाचा राजा ढाण्याराव वाघ, त्याचं हे मेहुणं. अस्वल वाघाचं मेहुणं कसं झालं, असं विचारू नका. मोहाचा खड्डा ज्याच्याकडे असतो तो कोणाचाही मेहुणा होऊ शकतो.

आता साळूबाईनं घरी येऊन येसूला एवढंच सांगायचं होतं, की बाई, डबक्याचं पाणी पी. पण तसं करता येत नव्हतं. त्या जंगलात रोगाला यायला परवानगी लागत नसे. संशोधनाला मात्र लागत असे. त्यासाठी एक समिती होती. तिचं नाव उचकी संशोधन देखरेख व पुनर्विलोकन समिती. नाव एका दमात म्हणून बघा. जमलं का? समितीलाही जमत नव्हतं.

समितीचा अध्यक्ष अस्वल. चिटणीस कोल्हा. एक सदस्य रानडुक्कर, कारण त्यांनी आजवर कशालाच विरोध केला नव्हता. ते बैठक सुरू झाली की झोपत. दुसरा सदस्य कासव. कामाला वेग यावा म्हणून त्यांना घेतलं होतं.

साळूबाई समितीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "उचकी झऱ्याच्या पाण्यानं लागते. येसूला डबक्याचं पाणी पाजून बघते. मला परवानगी द्या."

अस्वलाचे केस उभे राहिले. "पाणी?" ते म्हणालं. "झऱ्याचं? माझ्या... आपल्या सर्वांच्या झऱ्याचं?"

"वर मोहाचा खड्डा आहे."

"साळूबाई," कोल्हा मधाळ आवाजात म्हणाला, "तुमचा अभ्यास दांडगा आहे. म्हणूनच तो नीट तपासायला हवा. रोग्याची संमती आणलीत?"

"ही काय, येसू बरोबरच आली आहे."

"मग तिनं म्हणायचं: मी स्वखुशीनं, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाखाली न येता या उपचाराला संमती देत आहे. एका दमात म्हणायचं. मध्ये खंड पडला तर संमती मनापासून नाही, असं समजलं जाईल."

येसूनं दोन्ही पंजे जोडले. "मी स्वखु... उचक्."

"खंड पडला," कासव म्हणालं. एवढं म्हणायला त्यानं बराच वेळ घेतला.

येसूनं पुन्हा सुरुवात केली. शुद्धीपर्यंत पोचली आणि उचक्. मग दबावापर्यंत पोचली, साळूबाईनं श्वास रोखला, आणि उचक्! येसूच्या डोळ्यांत पाणी आलं. रानडुक्कर मात्र शांतपणे घोरत होतं.

"अहो, उचकीच्या रोग्याला उचकी न देता कसं बोलता येईल?" साळूबाईचे काटे खुळखुळले.

"हाच तर प्रश्न आहे," कोल्हा म्हणाला. "समिती त्यावर सखोल विचार करेल. तोवर पाणी हा शब्द विचाराधीन आहे. तो कोणी उचकीच्या संदर्भात उच्चारायचा नाही. डबकं बंद. रानडुक्करसाहेब तिथे पहारा देतील. आणि समितीच्या मंजुरीशिवाय कोणी उपचार केला, सुचवला, किंवा त्याचं नुसतं नाव काढलं, तर महाराज त्याला जागच्या जागी खातील. महाराजांचा हुकूमच आहे."

"हा हुकूम मागे घ्यायचा झाला तर?"

"त्यालाही समितीची शिफारस लागते," कोल्हा अभिमानानं म्हणाला. "मीच लिहिलाय. खुद्द महाराजांनासुद्धा मोडता येणार नाही इतका पक्का केलाय."

ते खरंच होतं. ढाण्याराव महाराज हुकमाचे फार पक्के. त्यांच्या वडिलांनी एकदा दिलेला हुकूम मोडला होता, आणि त्याच दुपारी हाड चावताना त्यांचा सुळा मोडला. तेव्हापासून त्या घराण्यात हुकूम मोडणं बंद.

बरेच दिवस गेले. येसू बिळाबाहेर पडेनाशी झाली. साळूबाई स्वतः कंदांच्या रसावर तहान भागवायची, पण पोटुशीला तेवढं पुरेना. ती येसूला पाला आणून द्यायची, झऱ्याचंच पाणी आणून द्यायची, कारण दुसरं होतं कुठे? आणि ते देताना तिला रडू यायचं. साळिंदराला मिठी मारून धीर देता येत नाही, म्हणून येसू लांबूनच म्हणायची, "असू दे गं साळू. उचक्. असू दे."

शेवटी समितीचा अहवाल आला. तो असा, की उचकी हा रोगच नव्हे. उचकी म्हणजे आठवण. ज्याला उचकी लागते त्याची कोणीतरी आठवण काढत असतं. सबब जंगलात साथ पसरलेली नसून प्रेम पसरलेलं आहे, आणि त्याबद्दल समिती जंगलाचं अभिनंदन करते. पाण्याचा प्रश्न पुनर्विलोकनासाठी राखून ठेवण्यात येत आहे.

झालं! सगळ्यांना ते इतकं आवडलं म्हणून सांगू! माकडं उचक्या मिरवू लागली. लग्नाची बोलणी करताना मुलाला उचकी किती ते आधी विचारू लागले. ज्यांना उचकी नव्हती ती माणसं... चुकलं, ती जनावरं खोटी उचकी देऊ लागली. बेडकांना उचकी नाही म्हणून सगळे त्यांची कीव करू लागले. बिचारे बेडूक, यांना कुत्रं विचारत नाही!

हे सगळं ढाण्याराव महाराजांच्या कानावर गेलं. महाराज गुहेमागच्या खाजगी कुंडातलं पाणी प्यायचे. त्यांना उचकी कशी लागणार?

"कोल्होबा," महाराज पडलेल्या आवाजात म्हणाले, "मला कधी उचकी लागली नाही रे."

कोल्हा एका झाडामागे सरकला.

"माकडाची आठवण निघते. सशाची निघते. माझी या जंगलात कोणालाच आठवण होत नाही?"

"काहीतरीच काय, महाराज! सगळे रात्रंदिवस तुमचीच आठवण काढतात."

"मग लागत का नाही?" महाराज गरजले. कोल्हा तीन झाडांमागे गेला.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. रोज उन्हं आल्यावर सगळ्यांनी झाडाखाली जमायचं आणि डोळे मिटून महाराजांची आठवण काढायची. सगळ्यांनी काढली. हरणांनी तर इतकी मनापासून काढली की दोघी जणी भीतीनं बेशुद्ध पडल्या. महाराज गुहेत तोंड उघडं ठेवून बसले. उचकी येईना. जांभई तेवढी आली.

तेव्हा कोल्हा मान खाली घालून साळूबाईच्या दारात आला.

"साळूबाई, झालं गेलं विसरा. महाराजांना उचकी लागायला हवी. उचकीतलं तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

साळूबाईचे डोळे लकाकले. तिनं विचार केला, महाराज सगळ्यांसमोर झऱ्याचं पाणी प्यायले आणि त्यांना सगळ्यांसमोर उचकी लागली, तर आणखी कुठला पुरावा हवा? ती म्हणाली, "महाराजांना मोहाच्या झऱ्यावर आणा. आणि सगळ्या जंगलाला बोलवा."

सगळं जंगल जमलं. महाराज झऱ्यावर आले. पाणी गोड लागलं, म्हणून पोटभर प्यायले. जिभल्या चाटल्या. आणि उचक्!

काय तो जल्लोष! माकडांनी झाडं गदगदा हलवली. मोर नाचले. महाराज लाजले. वाघ लाजलेला तुम्ही पाहिला नसेल. तो आपल्या मिशांकडे बघतो.

"कोण बरं काढत असेल आठवण?" महाराज म्हणाले. सगळ्या दरबारानं पंजे वर केले.

"बघा!" साळूबाई ओरडली. "बघितलंत ना? आत्ता प्यायले, आत्ता लागली! हे पा..."

"साळूबाई, तो शब्द विचाराधीन आहे," कोल्हा म्हणाला.

आणि समितीनं तिथल्या तिथे निष्कर्ष काढला, की मोहाच्या झऱ्याकाठी महाराजांवर प्रेम करणारे प्राणी सर्वांत जास्त राहतात. महाराजांनी आनंदानं आपलं पिण्याचं पाणी कायमचं झऱ्यावर हलवलं. साळूबाई घरी आली आणि तिनं रागानं इतके काटे टाकले की पाठीवर थोडेच उरले.

पण पुढे काय झालं, ते ऐका.

महाराज शिकारीला निघाले. गवतातून दबकत दबकत, पोट जमिनीला लावून, शेपूट ताठ करून पुढे सरकले. समोर हरीण. महाराजांनी झेप घ्यायला अंग आवळलं, आणि उचक्! हरीण केव्हाच पसार. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर हरणं पळालीसुद्धा नाहीत. तोंडातला घास संपवून सावकाश बाजूला झाली. महाराज कुठे आहेत ते आता अर्ध्या कोसावरून कळायचं. सशांना उचकी होती, पण महाराजांची त्यांच्यापेक्षा मोठी होती.

महाराज वाळले. अंगावरचे पट्टे सैल झाले. शेवटी एका दुपारी ते एकटेच साळूबाईच्या बिळाशी आले.

आत येसू होती; साळूबाईनं तिला हल्ली आपल्याकडेच ठेवून घेतलं होतं. वाघ बाहेर, ती आत, मध्ये साळूबाई. येसूनं भिंतीला पाठ लावली.

"साळूबाई," महाराज म्हणाले, "लोकांचं प्रेम आता, उचक्, सोसवत नाही. तुला यातलं कळतं म्हणतात. औषध सांग. काय हवं ते मागून घे."

साळूबाईचं काळीज हललं. समोर रोगी होता, आणि औषध तिच्या जिभेवर होतं. दोन शब्द सांगायचे होते: डबक्याचं पाणी. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी मोठं माणूस तिला विचारत होतं! तिनं तोंड उघडलं.

मागून आवाज आला. उचक्.

अगदी बारीक आवाज. येसूनं दोन्ही पंजांनी तोंड दाबून धरलं होतं, तरी आलाच. महाराजांचे कान टवकारले. ते पुढे सरकले. साळूबाईच्या अंगावर होते नव्हते तेवढे काटे ताठ उभे राहिले. महाराजांनी पंजा उचलला, आणि ते उचक् करून जागच्या जागी उडाले. पंजा दगडावर आपटला.

साळूबाई येसूकडे बघून राहिली. मग महाराजांकडे. मग तिनं तोंड मिटलं, घसा साफ केला, आणि अगदी कोल्ह्यासारख्या मधाळ आवाजात म्हणाली, "महाराज, औषध आहे. पण नियम आहे ना."

"कसला नियम?"

"आपलाच. समितीच्या मंजुरीशिवाय मी औषधाचं नावसुद्धा काढायचं नाही. काढलं तर आपण मला खायचं. मी काटेरी, आपलं पोट रिकामं. माझं एक असो, पण आपल्या घशाचं काय?"

"मग मी हुकूम मोडतो!"

"सुळा, महाराज," साळूबाई हळूच म्हणाली.

महाराजांनी जिभेनं सुळा चाचपला. "समिती कुठे बसते?" त्यांनी विचारलं.

समिती वडाखाली बसली होती. महाराज रांगेत उभे राहिले. रांगेत दुसरं कोणी नव्हतं, पण नियम होता.

कोल्ह्याला आणि अस्वलाला पाण्याचं पहिल्यापासून ठाऊक होतं. आता सांगावं, तर महाराज विचारणार, कधीपासून ठाऊक होतं? म्हणून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सांगितलं नाही.

"अर्जदारानं संमती द्यावी," कासव म्हणालं. त्याला नियमाखेरीज काहीच ठाऊक नव्हतं. "एका दमात."

"मी स्वखु... उचक्," महाराज म्हणाले.

"खंड पडला."

"मी स्वखुशीनं, पूर्ण शु... उचक्!"

"खंड पडला."

असं बराच वेळ चाललं. महाराजांना घाम फुटला. पोटात कावळे ओरडत होते. उचकीच्या आवाजानं आजूबाजूचं सगळं जंगल केव्हाच पांगलं होतं. फक्त एक जण हलला नव्हता. तो बैठक सुरू झाली तेव्हापासून समोरच झोपला होता, गुबगुबीत, घोरत. जो स्वतःच घोरतो त्याला वाघाची उचकी कुठून ऐकू येणार?

महाराजांनी रानडुकराकडे पाहिलं.

पुढचं मी सांगत नाही, तुम्ही लहान आहात. एवढंच सांगतो, की समितीत एक जागा रिकामी झाली. महाराजांनी मिशा पुसल्या आणि म्हणाले, "हं, मी पुढच्या बैठकीला येतो. सगळे हजर राहा."

तेव्हापासून अस्वल एका उंच झाडावर असतं. ते तिथूनच अध्यक्षपद सांभाळतं. कोल्हा लांबच्या आत्याच्या आजारपणासाठी रजेवर गेला, तो अजून आलेला नाही. रिकामी जागा भरायची आहे, पण आजवर मेंढ्यासुद्धा नाही म्हणाल्या. कासव मात्र नेमानं येतं, कवचात शिरतं, आणि आतून पुकारतं, "सदस्यसंख्या अपुरी. बैठक तहकूब." मग हुकूम मागे घ्यायची शिफारस कोण करणार? महाराजांचा अर्ज विचाराधीन आहे.

आणि डबकं? डबक्यावर पहारा द्यायला रानडुक्कर कुठे उरलं होतं? साळूबाईनं कोणाला काही सांगितलं नाही. तिला मनाईच होती. ती फक्त एका सकाळी येसूच्या पुढे पुढे डबक्यापर्यंत चालत गेली आणि तिथे वाकून स्वतः पाणी प्यायली. येसूही प्यायली. शहाण्याला शब्दाचा मार.

येसूची उचकी थांबली. थोड्याच दिवसांत तिला पिल्लं झाली. इतकी, की नावं संपली. पिल्लं दिवसभर उघड्यावर हुंदडतात. झाडीतून उचक् असा मोठा आवाज आला की ती म्हणतात, "महाराज आले!" आणि तोंडातला घास संपवून बाजूला होतात.

महाराज सध्या खेकडे खातात. उपास चालू आहेत, असं दरबारी सांगतात. पण महाराज खूश आहेत. उचकी थांबलेली नाही, म्हणजे लोकांना त्यांची आठवण आहे. आणि ती खरोखरच आहे. "आता कुठे असतील बरं महाराज?" असं जंगलात सगळे सारखे विचारत असतात.

साळूबाई मधून मधून कासवाला भेटते आणि काळजीनं म्हणते, "घाई करू नका हो अण्णा. सखोल विचार होऊ द्या."

तात्पर्य : दिरंगाई हे औषध वाईट नाही, फक्त ते योग्य रोग्याला मिळालं पाहिजे. आणि देखरेख समितीच्या बैठकीत झोप जरूर काढावी, पण त्याआधी समोरचा अर्जदार जेवून आला आहे का, एवढं विचारून घ्यावं.